गयामावशीचे हात

घसा धरून कुणी माझ्या दुकानात आलं की हल्ली मी लगेच औषध काढत नाही. काउंटरची फळी उचलून बाहेर येतो, त्याला दुकानापुढच्या उन्हात उभं करतो आणि आ करायला लावतो. लोक हसतात. मेडिकलवाला आता डॉक्टर झाला म्हणतात. मी डॉक्टर नाही. औषधशास्त्राची पदविका घेऊन गावात दुकान टाकलेला माणूस आहे, आणि गळ्यातलं मला जे काही थोडंफार कळतं ते एका निरक्षर बाईकडून आलेलं आहे. तिच्या हयातीत मी ते शिकून घेतलं नाही. त्याचं जे भोगायचं होतं ते माझ्याऐवजी तिनं भोगलं.

पाथर्डीहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. दसरा झाला की निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. गयाबाईनं स्वतः पंचवीस-तीस हंगाम ऊस तोडला होता. गुडघे गेल्यावर ती गावात राहू लागली, शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत, एकटी. सगळं गाव तिला गयामावशी म्हणायचं. अंगानं बुटकी, काटक, कपाळावर हिरवं गोंदण, आणि उजव्या हाताची नखं कायम बुडापासून कापलेली. डाव्या हाताची मात्र वाढलेली असायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्या हाताला लेकरांच्या तोंडात जायचं न्हाई, मग त्याचे लाड कशाला करू?"

मावशी पडजीभ उचलायची. आमच्याकडे घसा दुखायला लागला, गिळताना टोचायला लागलं की पडजीभ खाली आली म्हणतात. मग मावशी साबणानं दोनदा हात धुणार, मधलं बोट मीठ-हळदीत बुडवणार, आणि डाव्या हातानं टाळूवरचे केस वर ओढत उजव्या बोटानं पडजीभ दाबणार. यातलं काहीही शास्त्राला मान्य नाही, हे मला पदविकेच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि मी ते गावाला येताजाता ऐकवायचो. एवढंच ऐकवायचो. बाईकडे येणाऱ्या दहांपैकी आठनऊ जणांच्या तोंडात ती बोट घालतच नाही, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

तिचं खरं काम बघण्याचं होतं. दारात एक फुटक्या जात्याची तळी पडलेली होती, तोंड उगवतीकडे. आलेल्याला तिच्यावर बसवायचं, सकाळचं ऊन तोंडात पडेल असं डोकं मागे करायचं. "आ कर. आनखी. मारुतीनं सूर्य गिळला तसा कर." मग वाकून निवांत बघायची, घाई नाही. जबड्याखाली दोन बोटांनी चाचपायची. नाक गळतंय का, खोकला हाय का, ताप किती दिसाचा, घरात आनखी कुनाला हाय का, असं एकेक विचारायची. नाक वाहत असलं, खोकला असला, आवाज बसलेला असला की तिचा निकाल ठरलेला. "हा पान्याचा घसा. आला तसा जाईल. मिठाच्या कोमट पान्यानं गुळन्या कर, ऊन ऊन पे, आन चार दिवस वरडू नको."

एवढ्यावर कुणाचं समाधान होत नसे. माणूस तिथून उठायचा आणि सरळ माझ्याकडे यायचा. "मावशी नुसतं मीठ सांगती. काय तरी कडक द्या." आणि मी कडक द्यायचो. मला तेव्हा लोक डॉक्टर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

शाळेतल्या एका गुरुजींचा किस्सा गावात अजून सांगतात. स्नेहसंमेलनाच्या तालमीत ओरडून ओरडून गुरुजींचा घसा बसला. त्यांनी मोबाईलवर काहीबाही वाचलं आणि आपल्याला कॅन्सर झाला असं ठरवून टाकलं. बायकोला विम्याचे कागद कुठे आहेत तेही सांगून झालं. शेवटी बायकोनंच त्यांना ओढत मावशीकडे नेलं. मावशीनं बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्या गळ्याला काई रोग न्हाई. तुमीच त्याचा रोग हाय. चार दिवस बोलू नका." गुरुजींनी चार दिवस फळ्यावर लिहून शिकवलं. घसा सुटला. पाचव्या दिवशी चौथीची पोरं मावशीच्या दारात हजर. "मावशे, आनखी आठ दिस सांग ना गुरुजींना."

आणि एक जीपवाल्या बाबूचं. हा माझ्याकडे आला तेव्हा तोंडात गरम भजं धरल्यासारखा बोलत होता. लाळ गळत होती, तोंड बोटभर उघडत नव्हतं. मी गोळ्या काढायला लागलो होतो. तेवढ्यात मावशी बाम घ्यायला आली. तिनं त्याला हाताला धरून बाहेर नेलं, जेवढं तोंड उघडलं तेवढ्यातून बघितलं. पडजीभ एका अंगाला ढकललेली होती, दुसऱ्या बाजूला सूज. "हे माझ्या बोटाचं न्हाई आन मेडिकलच्या गोळीचं बी न्हाई. हे सुरीचं काम हाय. गळू झालंय. आत्ताच्या आत्ता पाथर्डी गाठ." बाबू गेला. डॉक्टरनं चिरा देऊन वाटीभर पू काढला. बाबूनं खण-नारळ घेऊन मावशीच्या पायावर डोकं ठेवलं, आणि मी दुकानातून ते बघून मान फिरवली. मला त्या दिवशी बाबू वाचल्याचा आनंद कमी आणि तिच्यासमोर हात थबकल्याचा राग जास्त होता. आज लिहिताना लाज वाटते.

ती मला नावानं कधी हाक मारत नसे. "ए मेडिकल" म्हणायची. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. कोणाला दोन गोळ्या, कोणाला चार, अशा मी पट्ट्या कातरून द्यायचो. लोक तेवढ्याच मागतात. शिवाय आमच्याकडची रीत अशी की डॉक्टरनं दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तरी तिसऱ्या दिवशी ताप उतरला की त्या बंद करायच्या आणि उरलेल्या दिराला, नणदेला, तोडीवर कुणाला घसा आला तर म्हणून पदराच्या गाठीत ठेवायच्या. मावशी अशा पट्ट्या शोधून जप्त करायची आणि ज्याच्या त्याला रोज समोर उभं राहून गिळायला लावायची. मला म्हणायची, "दोन गोळ्यांनी ताप मरतो, मेडिकल. रोग मरत न्हाई."

"मावशी, लोक मागतात ते देतो."

"लोक उद्या इख मागतील."

हे तिला कुठून कळलं ते तिनं एकदाच सांगितलं, तेही शेंगा निवडता निवडता. सिंधू म्हणून तिची मुलगी होती. तोडीवर, उसाच्या पाचटाच्या कोपीत, दर हंगामाला सिंधूचा घसा यायचा. गळ्यात पांढरे ठिपके, ताप, खोकला नाही. कुणीतरी दोन गोळ्या द्यायचं, ताप जायचा, पोर पुन्हा मोळ्या बांधायला लागायची. मग एका वर्षी गुडघे सुजले, मग कोपर. त्यानंतर चालताना धाप लागायला लागली. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, गळ्यातलं दुखणं पुरतं मारलं नाही म्हणून ते सांध्यात उतरलं आणि तिथून काळजाच्या पडद्यात गेलं. सिंधू लग्नानंतर पहिल्या बाळंतपणात गेली. "त्या डाक्टरनं मला लई येळ बसवून सांगितलं," मावशी म्हणाली. "गळा कसा बघायचा, कुठला आपला, कुठला दवाखान्याचा. लेक गेल्यावर कळून काय करायचं हुतं? पन कळलं." मग ती पुन्हा शेंगा निवडायला लागली.

आता कोमलचं सांगतो. इथवर आणताना मी तीनदा उठलो आणि पाणी पिऊन आलो.

कोमल सात वर्षांची. आई मंगल, बाप आणि आजा, सगळे तोडीला जाणारे. पोरगी दर वर्षी सहा महिने कारखान्यावर, त्यामुळे लशींच्या कार्डावर निम्म्या रकान्यांत काहीच नव्हतं. टोळी निघायला चार दिवस राहिले होते. मंगल पोरीला कडेवर घेऊन दुकानात आली. दुकानात गर्दी होती. जाणारे सगळे एकदमच बाम, पट्ट्या, जुलाबाच्या गोळ्या घ्यायला येतात.

"पोरीचा घसा लई सुजलाय," मंगल म्हणाली. "मावशीला दावला. तिनं हात सुदिक लावला न्हाई. गळ्यात करडी साय धरलीया म्हनली, वढली तर रगत यील. आजच नगरला न्या म्हनली. जावं लागंल का? चार दिसांनी ट्रक हाय."

मी काउंटरच्या आतच होतो. पोरीचं तोंड आईच्या खांद्यात खुपसलेलं. बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं होतं. चार पावलं चालून पोरीला आ करायला लावायचं, एवढंच करायचं होतं. मी म्हणालो, "म्हातारीला काय कळतंय? सर्दीनं आलाय घसा." आणि पाच दिवसांच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली दिली. मंगलच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. ते मला अजून दिसतं.

तिसऱ्या दिवशी कोमलची मान बैलासारखी सुजली आणि श्वासाला आवाज यायला लागला. बाबूच्या जीपमधून तिला नगरला नेलं. घटसर्प निघाला. श्वास अडकत चालला म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. पोरगी वाचली, पण कितीतरी दिवस तिथंच होती. मंगल तिच्याजवळ. इकडे गावात आरोग्य खात्याची माणसं आली, टोळ्यांना थांबवून घरोघर पोरं तपासली, लशी दिल्या, आणि एका सकाळी शाळेच्या ओसरीवर गावाला जमवलं. साहेबांनी विचारलं, आजारी पडल्यावर पोरीला आधी कुणी बघितलं?

कोमलचा आजा उभा राहिला. "गयाबाईनं. ती समद्यांच्या गळ्यात बोट घालती. तिनंच घान घातली."

आज्यानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. तो त्या दिवशी शेतात होता, त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि पोरगी मरणाच्या दारात असताना माणसाला कुणीतरी धरायला लागतं. साहेब मावशीकडे वळले. मावशी खांबाला टेकून बसली होती. घाबरली नव्हती. "म्या हात लावला न्हाई, सायब. नगरला न्या म्हनलं हुतं. मेडिकलला इचारा, मंगल तिथूनच त्याच्याकडं गेल्ती."

सगळी ओसरी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे दुकानाच्या भिंतीवरचं फ्रेम केलेलं लायसन आलं. चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्या आल्या. मी म्हणालो, "मला नक्की माहीत नाही. माझ्याकडे आली तेव्हा घसा सुजलेलाच होता."

यातला एक शब्दही खोटा नव्हता असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. पण मला नक्की माहीत होतं.

साहेबांनी मावशीला सगळ्यांसमोर समज दिली, पुन्हा कुणाच्या तोंडात बोट घातलंस तर पोलिसात देईन. ती उठली, पदर सारखा केला आणि घरी गेली. मंगल पोरीला घेऊन परतली तेव्हा मावशीच्या गळ्यात पडून रडली म्हणे. पण सासरा भर गावात बोलून बसलेला. सुनेनं त्याच्यावर कसं बोलायचं? ती घरात गप्प राहिली आणि मी दुकानात.

गाव मावशीकडे जायचं बंद झालं. मग हळूहळू, लपूनछपून, बायका पुन्हा पोरं घेऊन जायला लागल्या, कारण घसा काही कुणाचं ऐकून थांबत नाही. तेव्हापासून मावशीनं एक नवीनच पद्धत काढली. पोराला जात्याच्या तळीवर बसवायची, आईला म्हणायची, "तूच धर त्याचं डोकं." आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून वाकून बघायची. जबड्याखाली चाचपायचं असलं तर तेही आईलाच करायला लावायची, कुठं दाबायचं ते हनुवटीनं दाखवायची. पोरांना गंमत वाटायची. गुडघ्यांनी अधू बाई, हाताचा आधार न घेता वाकताना तोल जायचा, पण हात पुढे यायचे नाहीत.

हे बघवेना तेव्हा एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो. दुपार होती, ती उंबऱ्यात बसून वाती वळत होती. मी सगळं बोललो. साय धरल्याचं मंगलनं मला सांगितलं होतं, मी तुम्हाला खोटं पाडलं, माझी चूक झाली. बोलता बोलता रडलो. ती वाती वळत राहिली.

"मला काय सांगतूस?" ती म्हणाली. "मला ठावंच हाय. मंगलनं सांगितलं मला."

"मग माफ करा, मावशी."

"माज्यापाशी बोलून काय व्हनार? जिथं गप बसलास तिथं बोल."

मी कबूल केलं. आणि मग कारणं शोधायला लागलो. ग्रामसभेला मी आजारी पडलो. गणपतीत म्हणालो, सणासुदीला नको. गाव सगळं एका जागी असेल तेव्हाच बोलू, असंही ठरवलं, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

मावशी पौषात गेली. झोपेतच. गाव तोडीवर होतं. दहाव्याला नदीकाठी वीसपंचवीस म्हातारी माणसं आणि आम्ही दुकानदार. आमच्याकडे दशक्रियेला माइकवरून चार शब्द बोलायची रीत आहे. माझं नाव पुकारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. शाळेच्या ओसरीपासून काउंटरपर्यंत, काही ठेवलं नाही. म्हातारी माणसं माना हलवत राहिली. एक जण जाताना म्हणाला, "चांगलं बोललात. बाई भली हुती." कावळा लवकर शिवला. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते सगळे दूर उसाच्या फडात होते, आणि जिच्यासाठी बोललो ती राख झाली होती. पाडव्यानंतर लोक परतले तेव्हा मी घरोघर जाऊन पुन्हा सांगितलं. कोमलच्या आज्याच्या घरी आधी गेलो. तो म्हणाला, "ती असती तर पाया पडलो असतो." लायसन अजून भिंतीवर आहे. ते कुणी काढून नेलं नाही.

पण मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याआधी, दसऱ्यानंतर, टोळ्या निघाल्या त्या दिवशी. ते सांगायचं टाळत टाळत इथपर्यंत आलो.

दुकानासमोरच ट्रक लागला होता. भांडी, कोयते, शेळ्या, पोरं चढत होती आणि सगळं गाव निरोपाला जमलेलं होतं. एका जागी, सगळं गाव. मंगलनं कोमलला पुढे आणलं. पोरीच्या गळ्यावर नखाएवढा गुळगुळीत पांढरा वण, आवाज अजून घोगरा. सकाळपासून घसा दुखतो म्हणत होती आणि मंगलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सासऱ्याच्या देखत ती मावशीपुढे उभी राहिली. मावशीनं हात पाठीमागे घेतले.

आभाळ आलेलं होतं, ऊन नव्हतं. "ए मेडिकल," ती म्हणाली, "बॅटरी आन."

मी बॅटरी घेऊन आलो आणि कोमलच्या तोंडात उजेड धरला. जन्मात पहिल्यांदा मी गळा नीट बघितला. लालसर, ओला, साय नाही, ठिपका नाही. मावशी वाकून सावकाश बघत होती. "नाक गळतंय का गं? खोकला? पान्याचा हाय," ती मंगलला म्हणाली. "भिऊ नको. गुळन्या कर. गिळाया जड गेलं, न्हाईतर मान सुजली, तर तिथल्या तिथं दवाखाना गाठ."

मंगलनं डोळे पुसले. कोमलनं तोंड मिटलं, आणि मावशीच्या मागे जाऊन तिचे अडकवलेले हात सोडवायला लागली. तिला जाताना हात धरायचा होता, एवढंच. मावशीनं हात सोडले नाहीत. पोरीनं बोटं उलगडायचा प्रयत्न केला, तरी ते तसेच घट्ट. मावशी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. कुणी बोलायचं असेल तर थांबते बुवा, अशी.

आजा तिथेच होता. सगळे होते. ट्रक अजून सुरू झाला नव्हता.

मी बॅटरी बंद केली आणि दुकानात गेलो.